विश्लेषण : हिमालयातील बर्फाच्या नोंदी वाचून मान्सूनचा पहिला अंदाज कोणी दिला? कोण होते हेन्री ब्लॅनफर्ड?

गुलमर्गला बर्फ पडला नाही की स्कीइंगच्या स्पर्धा पुढे जातात. हिमालयात उशिरापर्यंत बर्फ साचून राहिला की मान्सूनच्या तब्येतीची चर्चा सुरू होते. हिमालयातील बर्फ आणि आपल्याकडचा पाऊस यांचा संबंध सुमारे १४० वर्षांपूर्वी एका भूगर्भशास्त्रज्ञाने जोडला. ४ जून १८८६ रोजी भारतातील पहिला नियमित दीर्घकालीन मान्सून अंदाज त्यानेच जाहीर केला. हेन्री फ्रान्सिस ब्लॅनफर्ड यांचे आयुष्य, त्यांचा बर्फाचा सिद्धांत आणि त्याचे आजचे स्थान यांविषयी…

चौलचे पर्जन्यकुंड आणि १८७६ चे वर्ष

रायगड जिल्ह्यातील चौल हे कधीकाळचे मोठे बंदर. अरब व्यापाऱ्यांची गलबते मोसमी वाऱ्यांच्या भरवशावर इथे येत आणि त्याच वाऱ्यांची दिशा बदलली की परतत. आजही नारळी-पोफळीच्या वाड्या आणि भातशेती यांचे गणित जूनच्या पहिल्या सरींवरच बसते. चौलच्या रामेश्वर मंदिरात पर्जन्यकुंड, वायुकुंड आणि अग्निकुंड अशी तीन कुंडे आहेत. पर्जन्यकुंड एरवी झाकलेले असते. पाऊस फारच लांबला तर ते उघडण्याची प्रथा आहे. ते ज्या वर्षांत उघडले गेले असे सांगतात, त्यांत १८७६ आणि १८९९ ही दोन वर्षे येतात.

ही दोन्ही वर्षे भारताच्या हवामानशास्त्राच्या इतिहासातही ठळक आहेत. १८७६ मध्ये दख्खनमध्ये पावसाने दगा दिला आणि १८७८ पर्यंत चाललेला भीषण दुष्काळ सुरू झाला. त्याच्या जेमतेम एक वर्ष आधी, १८७५ मध्ये, कोलकात्यात भारतीय हवामान विभागाची स्थापना झाली होती. विभागाचे प्रमुख होते ब्लॅनफर्ड. पाऊस का आला नाही आणि पुढच्या वेळी ते आधी कळेल का, हे दोन्ही प्रश्न सरकारने त्यांच्यासमोर ठेवले.

ब्लॅनफर्ड कोण होते?

हेन्री ब्लॅनफर्ड यांचा जन्म ३ जून १८३४ रोजी लंडनमध्ये झाला. थोरले बंधू विल्यम आणि हेन्री या दोघांनीही लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ माइन्समध्ये खाणकाम आणि भूगर्भशास्त्राचे शिक्षण घेतले. हेन्री त्यानंतर जर्मनीतील फ्रायबर्गच्या प्रसिद्ध खाण अकादमीत गेले. १८५५ मध्ये दोघे भाऊ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात नोकरीला लागले आणि कोलकात्यात आले. त्या वेळी हेन्री अवघे २१ वर्षांचे होते.

पहिली मोठी कामगिरी मिळाली ओडिशातील तालचेर येथे. काम होते कोळशाच्या खडकांच्या पाहणीचे. तिथे कोळशाच्या थरांखाली बारीक गाळात अडकलेले मोठमोठे गोटे सापडले. वाहत्या पाण्याने आणलेला माल सहसा आकारानुसार वेगळा होतो. इथे मात्र बारीक माती आणि प्रचंड धोंडे एकत्र होते. असे मिश्रण बर्फ वाहून आणतो, हा निष्कर्ष ब्लॅनफर्ड बंधू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढला. म्हणजे आज उन्हाळ्यात होरपळणाऱ्या ओडिशात एके काळी हिमनद्या होत्या. १८५६ मध्ये हे म्हणणे धाडसाचे होते. पुढे ते मान्य झाले आणि हे थर सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या हिमयुगाचे पुरावे ठरले.

त्यानंतर हेन्री यांनी तमिळनाडूतील तिरुचिरापल्ली परिसरातील जीवाश्मयुक्त खडकांचा अभ्यास केला. तिथल्या थरांची त्यांनी केलेली उत्तातूर, त्रिचिनोपोली आणि अरियालूर ही विभागणी भूगर्भशास्त्रात रूढ झाली. मात्र उन्हातान्हातील भटकंतीने त्यांची प्रकृती ढासळली. १८६२ मध्ये त्यांनी सर्वेक्षणाची नोकरी सोडली आणि कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजमध्ये ते प्राध्यापक झाले.

भूगर्भशास्त्रज्ञ हवामानाकडे कसा वळला?

५ ऑक्टोबर १८६४ रोजी कोलकात्यावर चक्रीवादळ आदळले. हुगळीच्या मुखातून आत घुसलेल्या समुद्राच्या लाटेने आणि नंतरच्या रोगराईने हजारोंचे बळी घेतले. बंदरातील जहाजे काठावर फेकली गेली. या वादळाचा अधिकृत अहवाल लिहिण्याचे काम गॅस्ट्रेल आणि ब्लॅनफर्ड यांच्याकडे आले. जहाजांच्या नोंदवह्या, बंदरावरील दाबमापकांचे आकडे आणि प्रत्यक्षदर्शींची माहिती जुळवून त्यांनी वादळाचा मार्ग मांडला.

या कामातून एक त्रुटी समोर आली. वादळ समुद्रात तयार होत असताना त्याची चिन्हे वेगवेगळ्या ठिकाणी दिसत होती. पण ती एकत्र करून बंदराला सावध करणारे कोणीच नव्हते. १८६५ मध्ये पाऊस हुकला आणि १८६६ मध्ये ओडिशात दुष्काळाने सुमारे दहा लाख माणसे गेली. १८६७ मध्ये ब्लॅनफर्ड यांची बंगाल सरकारचे हवामान निवेदक म्हणून नेमणूक झाली. कॉलेजातील अध्यापन सांभाळून त्यांनी हे काम सुरू केले.

१८७५ मध्ये नेमके काय बदलले?

तोपर्यंत प्रत्येक प्रांताची हवामान यंत्रणा स्वतंत्र होती. कुठे निरीक्षण सकाळी, तर कुठे दुपारी. एका ठिकाणचा तापमापक सावलीत, तर दुसऱ्या ठिकाणचा व्हरांड्यात. दोन दाबमापकांचे आकडे वेगळे आले, तर फरक हवेत आहे की उपकरणात, हेच कळत नसे. आजच्या भाषेत सांगायचे तर डेटा भरपूर होता, पण त्याचे फॉरमॅट जुळत नव्हते.

१८७५ मध्ये केंद्रीय विभाग स्थापन झाला आणि ब्लॅनफर्ड यांनी आधी हे मूलभूत काम हाती घेतले. सगळीकडे तपासलेली उपकरणे, ठरलेल्या वेळा आणि नोंदींचा एकच नमुना त्यांनी लागू केला. तारायंत्रामुळे दूरवरचे आकडे त्याच दिवशी मिळू लागले. १८७८ मध्ये सिमल्याहून दैनंदिन हवामान अहवाल निघू लागला. आज मोबाइलवर रायगडसाठी दिसणारा यलो किंवा ऑरेंज अलर्ट ज्या निरीक्षण जाळ्यावर उभा आहे, त्याची पहिली शिस्तबद्ध वीण ही होती.

दुष्काळ आणि बर्फ यांचा संबंध कसा सापडला?

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळात ब्रिटिश अमलाखालील प्रदेशातच पन्नास लाखांहून अधिक लोक मृत्युमुखी पडल्याचा अंदाज आहे. या मृत्यूंना एकटा पाऊस जबाबदार नव्हता. देशाबाहेर धान्याची निर्यात सुरूच होती आणि मदतकामावरील मजुरांना मिळणारे अन्न अपुरे होते. तरीही पाऊस कमी पडणार हे महिनाभर आधी कळले असते, तर धान्य आणि पैशाची तजवीज करता आली असती, हा विचार पुढे आला. दुष्काळ आयोगाच्या चर्चेनंतर पावसाच्या पूर्वअंदाजाची मागणी वाढली.

ब्लॅनफर्ड यांनी दोन दिशांनी शोध घेतला. पहिली दिशा हवेच्या दाबाची. १८७७ मध्ये भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या मोठ्या पट्ट्यात दाब नेहमीपेक्षा जास्त असल्याचे त्यांना दिसले. ते वर्ष अतितीव्र एल निनोचे होते, हे आज माहीत आहे. त्या काळी एल निनो ही संकल्पनाच अस्तित्वात नव्हती. दुसरी दिशा बर्फाची. पश्चिम हिमालयात ज्या वर्षी वसंतात उशिरापर्यंत जास्त हिमवृष्टी झाली, त्या वर्षी वायव्य आणि पश्चिम भारतात कोरडे वारे लांबले आणि पाऊस कमी झाला, असे त्यांना नोंदींतून आढळले. १८८४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी हा संबंध मांडला.

बर्फ पावसाला कसा रोखतो?

मान्सून समजून घ्यायचा तर जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यातील फरक पाहावा लागतो. एप्रिल-मेमध्ये उपखंडाची जमीन तापते. तिच्यावरील हवा हलकी होऊन वर जाते. दाब घटतो आणि समुद्रावरील बाष्पाने भरलेली हवा आत ओढली जाते. ही हवा चौलसारख्या किनाऱ्यावर येते, सह्याद्रीला धडकते आणि बरसते. जमीन पुरेशी तापली नाही, तर ही ओढ कमकुवत होते.

बर्फ जमिनीचे तापणे तीन प्रकारे लांबवतो.

पहिला प्रकार परावर्तनाचा. ताजा बर्फ सूर्यप्रकाशाचा ८० टक्के किंवा त्याहून अधिक भाग परत फेकतो. उघडी माती मात्र बहुतांश प्रकाश शोषून घेते. 

दुसरा प्रकार वितळण्याच्या उष्णतेचा. शून्य अंशावरील एक किलो बर्फाचे शून्य अंशाचेच पाणी करायला सुमारे ३३४ किलोज्युल उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत तेच एक किलो पाणी शून्यावरून जवळपास ८० अंशांपर्यंत तापते. बर्फ वितळत असतो तोवर ऊन असूनही तापमान फारसे वाढत नाही, ते यामुळेच.

तिसरा प्रकार ओलाव्याचा. बर्फ संपल्यावरही जमीन ओली राहते आणि पुढची उष्णता ते पाणी सुकवण्यात जाते.

यामुळेच ब्लॅनफर्ड यांच्या लेखी डिसेंबरच्या बर्फापेक्षा एप्रिल-मेचा बर्फ महत्त्वाचा होता. हिवाळ्यात पडलेला बर्फ मान्सूनआधी वितळायला वेळ असतो. उशिरा पडलेला बर्फ थेट जमीन तापण्याच्या हंगामातच आडवा येतो.

४ जून १८८६ रोजी काय झाले?

१८८२ ते १८८५ या काळात ब्लॅनफर्ड यांनी बर्फाच्या नोंदींवरून चाचणी स्वरूपाचे अंदाज दिले. त्यांना चांगले यश मिळाले. मग ४ जून १८८६ रोजी भारत आणि ब्रह्मदेश या संपूर्ण प्रदेशासाठी पहिला नियमित दीर्घकालीन मान्सून अंदाज जाहीर झाला. दरवर्षी निघणाऱ्या सरकारी मान्सून अंदाजाची परंपरा तेव्हापासूनची आहे.

या अंदाजामागची माहिती अगदी तुटपुंजी होती. हिमालयाच्या उंच भागात निरीक्षण केंद्रे जवळपास नव्हती. डोंगराळ जिल्ह्यांतील अधिकारी बर्फ किती खाली उतरला आहे आणि किती दिवस टिकला आहे हे कळवत. खिंडी केव्हा बंद झाल्या आणि केव्हा उघडल्या, हेही त्यात असे. अशा वर्णनांतून यंदाचा बर्फ जास्त की कमी, हे ठरवावे लागे. म्हणूनच ब्लॅनफर्ड अंदाजाची व्याप्ती जपून ठेवत. किती मिलिमीटर पाऊस पडेल हे त्यांना सांगता येणार नव्हते आणि त्यांनी तसा दावाही केला नाही.

आज बर्फाचा अहवाल कसा वाचतात?

त्या काळच्या अहवालात काय कमी होते, हे आजच्या स्कीइंग केंद्रांच्या अहवालाशी तुलना केली की नीट कळते. गुलमर्ग किंवा औलीला जाणाऱ्यांनी अशा अहवालात साधारण पुढील गोष्टी पाहायच्या असतात.

• बर्फाची एकूण खोली : ही उताराच्या पायथ्याची आणि माथ्याची वेगवेगळी दिली जाते. फक्त माथ्याचा आकडा पाहून पायथ्याशी दगड उघडे नाहीत, असे गृहीत धरू नये.

• गेल्या २४ तासांतील ताजा बर्फ : बर्फ पडल्यावर लगेच दबू लागतो. काल ३० सेंटीमीटर बर्फ पडला म्हणून आज एकूण खोली तेवढीच वाढलेली नसते.

• पृष्ठभागाचा प्रकार : थंड, कोरडा, भुसभुशीत बर्फ म्हणजे पावडर. दिवसा वितळून रात्री गोठला की वर कडक कवच तयार होते. वसंतात दुपारी त्याचाच पाणचट रबडा होतो. सकाळी आठची आणि दुपारी दोनची स्थिती त्यामुळे पूर्ण वेगळी असू शकते.

• वारा आणि तापमान : वारा एका बाजूचा बर्फ उडवून दुसऱ्या बाजूला साचवतो. खोली एका खांबाजवळ मोजली जाते, साऱ्या डोंगरावर ती सारखी नसते.

• हिमस्खलनाचा धोका : तो १ ते ५ अशा पातळ्यांत सांगितला जातो. भारतात हे काम पूर्वी मनालीची हिम आणि हिमस्खलन अभ्यास संस्था करत असे. २०२० नंतर ते संरक्षण संशोधन विभागाच्या चंडीगड येथील नव्या संस्थेकडे आहे.

स्कीइंग करणाऱ्याला खोली आणि पृष्ठभाग महत्त्वाचा. हवामानशास्त्रज्ञाला मात्र त्या बर्फात पाणी किती आहे, हे हवे असते. दहा सेंटीमीटर हलका ताजा बर्फ वितळला तर साधारण एक सेंटीमीटर पाणी मिळते. वसंतातील दबलेल्या, ओल्या बर्फाच्या तेवढ्याच थरातून तीन ते पाच सेंटीमीटर पाणी निघू शकते. म्हणजे एकाच खोलीचे दोन थर वितळायला लागणारी उष्णता अनेक पटींनी वेगळी असते. ब्लॅनफर्ड यांच्याकडे येणाऱ्या अहवालांत बर्फाची उंची आणि मुक्काम होता, वजन नव्हते. त्यांच्या पद्धतीची ही मोठी मर्यादा होती.

हा ठोकताळा कुठे अडखळला?

ब्लॅनफर्ड निवृत्त झाल्यावर १८८९ मध्ये जॉन एलियट यांनी सूत्रे हाती घेतली. त्यांनी बर्फाच्या जोडीला हिंदी महासागर आणि ऑस्ट्रेलियाकडील हवामानाचाही आधार घेतला. अंदाज अधिक सविस्तर झाले, पण अधिक अचूक झाले नाहीत. १८९९ मध्ये चांगल्या पावसाचा अंदाज दिला गेला आणि प्रत्यक्षात भीषण दुष्काळ पडला. राजस्थान-गुजरातमध्ये तो छप्पनिया दुष्काळ म्हणून ओळखला जातो. चौलचे पर्जन्यकुंड उघडल्याचे सांगतात, तेही याच वर्षी. या फसलेल्या अंदाजावर कडाडून टीका झाली आणि नंतर काही काळ हे अंदाज जाहीर न करता सरकारपुरतेच ठेवले गेले.

१९०४ मध्ये आलेले गिल्बर्ट वॉकर मूळचे गणितज्ञ होते. एका घटकावर विसंबण्याऐवजी जगभरातील नोंदींचा पावसाशी असलेला संबंध त्यांनी संख्याशास्त्राने तपासला. हिमालयातील बर्फ त्यांच्या सूत्रात राहिला, पण अनेकांपैकी एक म्हणून. या शोधातूनच प्रशांत आणि हिंदी महासागरांवरील दाबाचा झोका, म्हणजे सदर्न ऑसिलेशन, त्यांना सापडला. ब्लॅनफर्ड यांनी १८७७ मध्ये पाहिलेला जास्त दाब याच झोक्याचा भाग होता.

बर्फाचा सिद्धांत पुन्हा चर्चेत आला तो उपग्रहांमुळे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून बर्फाच्छादित क्षेत्र अवकाशातून मोजता येऊ लागले. १९७६ मध्ये हान आणि शुक्ला या संशोधकांनी युरेशियातील हिवाळी बर्फ आणि भारतीय मान्सून यांचे उलटे नाते दाखवले. हिमालयाच्या तुलनेत हे क्षेत्र कित्येक पट मोठे आहे. मात्र १९९० च्या दशकानंतर हे नाते पूर्वीसारखे घट्ट राहिले नसल्याचे अनेक अभ्यासांत दिसले. एल निनो, हिंदी महासागराचे तापमान आणि वाढती जागतिक उष्णता यांचा प्रभाव अनेकदा बर्फावर मात करतो.

ब्लॅनफर्ड यांची अखेरची वर्षे कशी गेली?

१८८० मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. निवृत्तीनंतर ते इंग्लंडला परतले. भारत, श्रीलंका आणि ब्रह्मदेश यांच्या हवामानाची सामान्य वाचकाला ओळख करून देणारे त्यांचे पुस्तक १८८९ मध्ये प्रकाशित झाले. २३ जानेवारी १८९३ रोजी फोकस्टोन येथे, ५८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १८९९ चे अपयश पाहायला ते हयात नव्हते.

त्यांनी उभ्या केलेल्या विभागाचे मुख्यालय पुढे सिमला, १९२८ मध्ये पुणे आणि १९४४ मध्ये दिल्लीला गेले. मान्सूनच्या दीर्घकालीन अंदाजाचे काम आजही मोठ्या प्रमाणावर पुण्यातून चालते.

आज बर्फाचे स्थान काय?

हवामान विभाग एप्रिलमध्ये मान्सूनचा पहिला अंदाज देताना उत्तर गोलार्धातील बर्फाच्छादनाचा उल्लेख आजही करतो. २०२४ मध्ये जानेवारी ते मार्चदरम्यान हे आच्छादन सरासरीपेक्षा कमी होते. विभागाने ती मान्सूनसाठी अनुकूल बाब मानली आणि सरासरीच्या १०६ टक्के पावसाचा अंदाज दिला. प्रत्यक्षात १०८ टक्के पाऊस झाला. त्यात प्रशांत महासागरातील एल निनो ओसरण्याचा वाटा मोठा होता. यश एकट्या बर्फाच्या पदरात टाकता येत नाही.

दुसरीकडे बर्फाचे वेळापत्रकच बदलते आहे. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार ऐन हंगामात उघडे पडले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये अपुऱ्या बर्फामुळे खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गमधील टप्पा पुढे ढकलावा लागला आणि तो मार्चमध्ये पार पडला. पश्चिमी विक्षोभ उशिरा येऊ लागले, तर बर्फही हिवाळ्याऐवजी वसंताकडे सरकतो. स्कीइंगसाठी ही पर्यटन हंगामाची अडचण आहे. ब्लॅनफर्ड यांच्या दृष्टीने मात्र बर्फ किती पडला याइतकेच तो केव्हा पडला, हे महत्त्वाचे होते.

चौलच्या शेतकऱ्याला या बर्फाचा थेट त्रास नाही. सह्याद्रीच्या पश्चिमेला असल्याने कोकणात पाऊस सहसा भरपूर पडतो. त्याची अडचण वेगळी असते. पाऊस आठ दिवस लांबला की राबावर पेरलेली भाताची रोपे करपतात आणि लावणीचे वेळापत्रक कोलमडते. देशभराचा हंगामी अंदाज या प्रश्नाचे उत्तर देत नाही. त्यासाठी हवामान विभागाचा दोन आणि चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज तसेच जिल्हानिहाय कृषी सल्ला पाहावा. १०० टक्के पावसाचा हंगामी अंदाज म्हणजे तुमच्या शेतावर वेळेत पाऊस पडण्याची हमी नव्हे.